हिरड्याची परीक्षा

फार जुनी गोष्ट. डोंगरातल्या पाणवठ्यावर राखणदार नेमायचा होता आणि धीट कोण, हे ठरवायचं काम शेकरूमावशीकडे आलं. ती झाडावरून प्रत्येकाच्या पाठीमागे हिरडा टाकायची. जो दचकला तो भित्रा. कितीदाही टाकला तरी म्हातारा गवा हलला नाही; भेकर मात्र दरवेळी उडालं. "निकाल बदलत नाही, म्हणजे परीक्षा चोख," असं म्हणत मावशीने गव्याला नेमलं.

एका दुपारी ती पाणी प्यायला खाली उतरली. मागे पाचोळा वाजला. गवा शांत उभा होता. भेकर दचकलं, पण पळालं नाही. मावशी झाडावर चढेपर्यंत तिथेच ओरडत राहिलं. पाचोळ्यात दबा धरलेला बिबट्या हात हलवत परतला.

"गवोबा, पाचोळा ऐकलात ना?" मावशीने विचारलं.

"अं? जरा मोठ्याने बोल," गवा म्हणाला.

मावशी भेकराजवळ गेली. "बाळा, मी कान तपासत होते आणि त्याला धीर म्हणत होते. आज जिवंत आहे ती तुझ्यामुळे."

संध्याकाळी वाऱ्याने एक हिरडा पडला. भेकर टुणकन उडालं, त्याने मागे वळून पाहिलं आणि ते पुन्हा चरू लागलं. मग सगळे निर्धास्तपणे पाणी प्यायले.