परसदारचा झेंडू

या, इथेच ओट्यावर बसा. आमच्या तांबडमाळात पाहुण्याला पुढच्या दारातून घरात घेतात, पण जेवायला बसवतात ते मागच्या ओट्यावर. सून आत भाकऱ्या थापते आहे. ताटं येतील एकेक करून, तोवर समोरचा झेंडू बघा. हा आम्ही कुणी लावत नाही. दरवर्षी आपला आपण उगवतो, घरोघरी, आणि तोही फक्त परसदारी. पुढच्या अंगणात लावून पाहिलात, दिवसभर ऊन मिळालं, तरी तिथे नुसता पाला माजतो, फूल धरत नाही. दसऱ्याला साऱ्या मुलखाचं तोरण पुढच्या दाराला लागतं, आमचं लागतं चुलीजवळच्या मागच्या दाराला. शहरातली माणसं विचारतात, "काय हो आजी, वास्तूचं काही आहे का?" वास्तूचं कसलं डोंबल! भिवरेचं आहे ते.

फार जुनी गोष्ट. भिवरा या गावात सून म्हणून आली ती नदीकाठच्या हिरव्या मुलखातून. आईने तिच्या पदराला झेंडूचं बी बांधून दिलं होतं आणि सांगितलं होतं, "याला ऊन दे पोटभर, पाणी बेताचं. सावलीत ठेवू नको." आमच्या माळावर बाकी कशाची ददात असली तरी उन्हाची नाही. भिवरेने परसदारी वाफा केला. घरातली माणसं जेवून उठली की त्यांच्या हात धुतल्याचं पाणी त्या वाफ्याला जायचं. तेवढ्यावर झेंडू असा फुलला की गाव बघायला आलं, असे सांगतात.

स्वयंपाक तिचा साधा. पिठलं, भाकरी, कधी कुळथाचं माडगं, कांदा फोडून, एवढंच. पण दिवेलागणीला सासरा, सासू, नवरा आणि दीर सगळे एका पंगतीत बसायचे आणि बोटं चाटत उठायचे. भिवरा वाढायची. तिचं जेवण मागाहून, चुलीमागे, भांड्यात उरेल ते. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, तिलाही नव्हतं. सुकाळात भांड्यात उरतंच.

मग पाऊस रुसला. कणगीतली ज्वारी तळाला गेली. कणगीवर सत्ता सासूची, ठकूबाईची. बाई दुष्ट नव्हती हो, उगीच खोटं कशाला बोलू! धास्तावलेली होती. ती रोज मापट्याने मोजून धान्य काढायची, पंगतीत बसणाऱ्यांपुरतं. पंगतीत न बसणारी एक आहे, हे तिच्या मनातच आलं नाही. मापटं रोज थोडं कमी भरायचं आणि पंगत रोज पोटभर जेवायची. ते कसं, हे कुणी विचारलं नाही. ठकूबाई पाणवठ्यावर सांगायची, "आमच्या सुनेच्या हाताला बरकत आहे. मूठभर पिठात घर जेवतं." आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण चुलीपुढे बाई बसली की पोहरा आपोआप भरतो, असं मोठमोठी माणसं धरून चालतात. बरकतीचा बोलबाला झाला, तशी ठकूबाई मापटं आणखी आखडतं घेऊ लागली. वरून पाहुणे बोलवू लागली. बरकत दाखवायची होती ना!

पंगत उठली की भिवरा चुलीमागे बसायची आणि रिकाम्या भांड्यात पळी फिरवायची. खर्र, खर्र. तो आवाज बाहेर ऐकू यायचा आणि घर निवांत व्हायचं, की सून जेवते आहे. का केलं तिने असं? मी सून होते तेव्हा मला हा प्रश्न पडला नाही. तुम्हाला पडत असेल तर तुमचं नशीब चांगलं.

नवरा रखमाजी तिच्यावर जीव टाकणारा होता, म्हणे. एकदा हात धुताधुता त्याने बाहेरूनच विचारलं, "तुझं हाय न्हवं गं?"

"हाय की," ती आतून म्हणाली. "भांडं भरलंय. तुमी निजा."

तो चुलीपासून हाताच्या अंतरावर उभा होता. आत वाकून झाकण उचललं असतं तर ही गोष्टच झाली नसती, आणि हे तोरण तुमच्याकडल्यासारखं पुढच्या दाराला लागलं असतं. पण तो निजायला गेला.

त्याच दिवसांत झेंडूच्या वाफ्यावर फूल दिसेनासं झालं. संध्याकाळी उमललेलं सकाळी नाही. ठकूबाईला वाटलं, सून देवाला वाहते. तिने तेही कौतुक गावभर केलं. दसऱ्याला मात्र ती तोरणासाठी टोपली घेऊन गेली तर नुसत्या काड्या उभ्या. सणाच्या दिवशी तिचा संताप झाला.

"सगळी फुलं देवाला घातलीस, आन् दाराला काय बांधू? तुझं कपाळ?"

"उद्या उमलतील, आत्याबाई," भिवरा म्हणाली.

त्या संध्याकाळी पंगतीला पाहुणेही होते. सगळे जेवले, बरकतीला दुवा देऊन उठले. चुलीमागे पळीचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला. बराच वेळ परत आला नाही, तेव्हा रखमाजी आत गेला. भिवरा भिंतीला टेकून बसलेली होती. ती गेली होती.

बायका धावल्या. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं बाहेरचं काही. रखमाजीचं लक्ष चुलीवरच्या दुसऱ्या, झाकलेल्या भांड्याकडे गेलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यावरचं झाकण उचललं. आत पिवळं काहीतरी काठोकाठ. त्याला वाटलं, पिठलं आहे. म्हणजे हिचं जेवण होतंच की! त्याने बोट बुडवून जिभेला लावलं. कडू जहर. भांड्यात झेंडूच्या पाकळ्या उकळल्या होत्या. कितीतरी दिवस ती तेच पीत होती.

रखमाजीने ते भांडं उचललं आणि परसदारी, त्या उघड्या काड्यांवर ओतलं. पाकळीच्या बुडाशी बी असतं खरं, पण उकळलेलं बी कधी रुजतं का? रुजलं, असे सांगतात. पुढच्या दसऱ्याला गावातल्या प्रत्येक परसदारी झेंडू होता. ठकूबाईने एक फूल खुडून पुढच्या दाराला बांधायला नेलं, ते हातातच काळं पडलं, म्हणे. त्यानंतर तिने कणगीला हात लावला नाही, आणि रखमाजीने दुसरी बायको केली नाही. त्याने गावाला शपथ घातली. ज्याला जेवायचं त्याने आधी चुलीशी जावं, आपल्या हाताने झाकण उचलावं, रांधणारीचं आत आहे हे डोळ्यांनी बघावं, मग घास घ्यावा.

गावाने पाळली शपथ. एक पिढी पाळली, असं म्हणू. मग कुणाची कंबर धरली, कुणाला घाई होती. "तूच उचल ना गं," सुरू झालं. मग बाईच झाकण उचलून भांड्यावर आपटायला लागली, म्हणजे बाहेर कळावं. शपथेचा असा आवाज झाला.

आजही तांबडमाळात झाकण वाजल्याशिवाय कुणी घास घेत नाही. मोठं कौतुक होतं त्याचं. मागे कुणी कॅमेरा घेऊन आले होते, त्यांनी तो आवाज भरून नेला.

हे बघा, ताटं आली, झाकण वाजलं. आणि तुम्ही घास घेतलातसुद्धा! एवढं सगळं ऐकून. असू दे, तुम्हाला कशाला नावं ठेवू? माझा लेक आत टीव्हीपुढे बसून दुसरी भाकरी मागतो आहे.

सुनंदा, तुझं आहे ना गं?

"आहे की, आई. भांडं भरलंय. तुम्ही बसा."

ऐकलंत? माझे गुडघे मला आता उठू देत नाहीत. तुमच्यातलं कुणी उठतंय का?