अचलफुलाचे चित्र

एका राज्यात कुठलीच वस्तू ठेवल्या जागी राहत नसे. रांजण अंगणभर फिरत. चुलीवरची कढई आधणासकट चालती होई. देव्हाऱ्यातली समई शेजाऱ्याच्या गोठ्यात सापडे. माणसे एका डोळ्यानेच निजत. दुसरा डोळा अंथरुणावर ठेवावा लागे, नाहीतर अंथरूण निघून जाई.

हे मूळचे असे नव्हते. कज्जला चेटकिणीच्या बागेत अचलफूल उमललेले असे आणि त्याच्या योगाने राज्यातले सारे आपापल्या जागी असे. राजा उग्रकेतूला वाटले, एवढी मोलाची वस्तू उघड्यावर कशाला? त्याने फूल खुडले, रत्नांच्या पेटीत घातले आणि कुलूप लावले. पेटीत फूल सुकले. कज्जलेने शाप उच्चारला आणि राज्याला चळ लागला.

त्या राज्यात शिदोजी नावाचा रंगकरी होता. सगुणा त्याची लेक. बापलेक रंगीत माती वाटत, डिंकाच्या पाण्यात मळत आणि बोटाएवढ्या कांड्या वळून सावलीत वाळवत. त्या मऊ, कोरड्या कांड्यांनी सगुणा खरबरीत कागदावर फुले-फळे रेखी आणि बोटाने रंग पसरी. ते रंग कागदाला चिकटत नसत, नुसते टेकत. म्हणून शिदोजी सांगे, "चित्रापुढे श्वास रोखावा, पोरी. एक फुंकर, की बाग उडाली."

एके सकाळी तो चळ शिदोजीलाही लागला. तो उठला आणि तळ्याभोवती चालू लागला. त्याला बसता येईना, निजता येईना. सगुणा बरोबरीने धावत त्याला घास भरवी. त्याच्या टाचा फुटल्या, डोळे खोल गेले.

"आबा, जरा टेका ना."

"पाय ऐकत नाहीत गं. तू कांड्या उन्हात ठेवल्या नाहीस ना?"

तळ्याकाठी एक टिटवी घरंगळत्या अंड्यांमागे धावत होती. ती ओरडली, "रडतेस काय? पाय झिजले, की तुझा बाप गुडघ्यांवर चालेल! कज्जलेकडे जा."

"मला परक्यांपुढे बोलता येत नाही," सगुणा म्हणाली.

"मी बोलते. तू नुसती मान हलव. लवकर चल. मला रात्री पाय वर करून आभाळही तोलायचे आहे."

कज्जला एका चालत्या वारुळावर बसली होती. टिटवीने सारे सांगितले, सगुणेने मान हलवली.

कज्जला म्हणाली, "फूल कागदावर परत आणता येईल. पण आधी घडा, मग फळ, मग फूल. जे खरे उतरेल ते थांबेल. राजाच्या दरबारात काढ. चूक जिथे झाली, तिथेच."

"आणि आबा?" सगुणेच्या तोंडून निघून गेले.

"फूल साऱ्या राज्याचे झाले, की तेही बसतील."

दरबारात राजा पडू नये म्हणून त्याला सिंहासनाशी दोरांनी बांधले होते. सिंहासन फेऱ्या घालीत होते आणि प्रधान मागून धापा टाकत सल्ला देत होते. सगुणेने फळी मांडीवर घेतली. फळीही सटकू पाहत होती. तिने ती पदराने कमरेला बांधली.

घडा आणला. सगुणेने त्याच्याकडे पाहिले, की तो खांबाआड दडे. ती त्याच्या मागे मागे फिरली, कागद फाटले, बोटे काळी झाली. खिडकीतून तळे दिसत होते आणि तळ्याकाठी चालणारा ठिपकाही. मग तिने घड्याकडे पाहणेच सोडले आणि जमिनीवरची त्याची सावली रेखली. सावलीला कुणी निरखील, याची घड्याला सवय नव्हती. सावली पुरी झाली, तेव्हा घड्याला तिच्याजवळ येऊन उभे राहावेच लागले. सगुणेने त्याचा रंग भरला. घडा थांबला.

तिने कागदाच्या पाठीवर टिचकी मारून जादा भुकटी झाडली. भुकटी एका पळत्या पळीवर पडली. पळी जागीच थबकली. सगुणेने ते पाहिले, पण विचार करायला उसंत कुठे होती?

दुसरे डाळिंब. ते लोळत राही आणि लोळता लोळता रंग बदली. सगुणा लालावर पिवळा देई, पिवळ्यावर जांभळा, पुन्हा लाल. शेवटी चिखल झाला; कागदावर कांडी नुसती घसरू लागली. शिदोजी म्हणे, कागदाचे पोट भरले, की तो घास घेत नाही. तिने नवा कागद घेतला. हात अजून एक रेघ, अजून एक, असे म्हणत होता. तिने हात पाठीमागे धरला. डाळिंब अर्धेच रंगले होते, बाकी कोरा कागद उजेडासारखा राहिला होता. डाळिंब थांबले.

"आता फूल!" सिंहासनावरून जाता जाता राजा म्हणाला.

पेटी उघडली. आत काळा देठ होता.

"मी ते कधी पाहिले नाही," सगुणा पुटपुटली.

टिटवी खिडकीत उतरली. "मी पाहिले आहे. अंड्यात असताना, कवच तडकायच्या आधी, बाहेरचा उजेड आत झिरपतो ना? तो त्याचा रंग."

"अंड्यात मी कुठे होते?"

"डोळे मीट आणि उन्हाकडे तोंड कर. तेवढे पुरेल."

सगुणेने तसे केले. मग पांढऱ्या रंगावर केशरीची नुसती चाहूल देत, बोटाच्या टोकाने, श्वास रोखून, पाकळीला पाकळी जोडत ती फूल काढू लागली. शेवटची पाकळी टेकली आणि दरबार उजळला. असे चित्र तिच्या हातून कधी उतरले नव्हते, पुन्हा उतरणार नव्हते, हे तिला कळले.

"वा!" राजा गहिवरला. "पेटी आणा! काच बसवा, कुलूप लावा. याला वारा लागता कामा नये!"

सगुणेच्याही मनात तेच होते. तिने कागद उचलून पेटीवर धरला. तेवढ्यात टिटवी किंचाळली, "तळ्याकडे बघ!"

शिदोजी पडला होता आणि गुडघ्यांवर चालत होता.

फूल थांबले होते. राज्य थांबले नव्हते. सगुणेने पेटीकडे पाहिले, आतल्या काळ्या देठाकडे पाहिले, मग त्या पळीकडे. भुकटी अंगावर घेऊन ती अजून जागेवर उभी होती.

"महाराज," ती म्हणाली, आणि या वेळी टिटवीला बोलावे लागले नाही, "पेटीत ते एकदा मेले आहे."

"मुली, कागद ठेव!"

तिने खिडकी गाठली. सकाळपासून रोखलेला सारा श्वास एकवटला आणि फुंकर मारली.

फूल उडाले. पाकळ्यांचा धूर झाला, धुराचे ऊन झाले आणि ते घरांवर, गोठ्यांवर, तळ्यावर अलगद उतरले. रांजण अंगणात टेकले. अंडी खळग्यात स्थिरावली. सिंहासन मागे सरकले आणि चौथऱ्यावर बसले. दोर आपोआप सैल झाले.

"फूल कुठे गेले?" राजाने विचारले.

"सगळीकडे, महाराज."

राजाने पेटी उघडीच ठेवली आणि पुढे कधीच तिला कुलूप लावले नाही.

सगुणा तळ्यावर पोचली तेव्हा शिदोजी एका दगडाला टेकून बसला होता. त्याने तिच्या हातातला कोरा कागद पाहिला.

"श्वास सोडलास होय?"

"सोडला, आबा."

"बरे केलेस. पाणी दे."

पाणी पिऊन तो तिथेच झोपला. पलीकडे टिटवीही अंड्यांवर बसली होती. आभाळ तिने थोडा वेळ तसेच राहू दिले.

अचलफुलाची ही कहाणी ओंजळीत घ्यावी, डोळे भरून पाहावी आणि फुंकून द्यावी. जिथे पडेल, तिथे कुणीतरी निवांत बसेल.