टिल्लीचं फूल आणि पोत्यातला पाला

३ फेब्रुवारी, सोमवार. ऊन कोवळं. वारा नाही.

माळावर एक नवी सोसायटी. सोसायटीत चकाचक अंगण. अंगणात एक जास्वंद. जास्वंदीवर रोज एक फूल. लाल लाल.

ते फूल टिल्लीचं. टिल्ली म्हणजे शिंजीर पाखरू. अंगठ्याएवढं अंग, वाकडी चोच. रोज सकाळी यायची, भुर्र भुर्र. फुलात चोच घालायची, चुळुक चुळुक. मध प्यायची आणि जायची.

त्या दिवशी टिल्ली आली, भुर्र भुर्र. पाहते तर फूल नाही. कळीसुद्धा नाही.

"जास्वंदी, जास्वंदी, फूल दे."

जास्वंद म्हणाली, "कसं देऊ? माती झाली दगड. मुळं माझी अडकली. माती मऊ होईल, तर फूल देईन."

"बरं. मी मातीला सांगते."

टिल्ली मातीकडे गेली, भुर्र भुर्र.

"जास्वंद फूल देईना. माती, माती, मऊ हो."

माती म्हणाली, "बिल्डिंग बांधली तेव्हा माझ्यावरून रोलर गेला, घरघर घरघर. अजून अंग दुखतंय. गांडूळ खणेल, तर मऊ होईन."

"बरं. मी गांडुळाला सांगते."

टिल्ली गांडुळाकडे गेली, भुर्र भुर्र.

"माती मऊ होईना, जास्वंद फूल देईना. गांडुळा, गांडुळा, खण."

गांडूळ म्हणालं, "उपाशीपोटी कोण खणतं? मला पाला लागतो. इथे एक पान मिळत नाही. पाला येईल, तर खणीन."

"बरं. मी पाल्याला सांगते."

पाला कुठे होता? फाटकापाशी, मोठ्या पोत्यात. पोत्याला घट्ट गाठ. टिल्ली तिथे गेली, भुर्र भुर्र.

"गांडूळ खणेना, माती मऊ होईना, जास्वंद फूल देईना. पाल्या, पाल्या, ये."

पाला आतून बोलला, खुसखुस खुसखुस. "मी आत, गाठ बाहेर. दुपारी कचऱ्याची गाडी येईल, मग मी चाललो. मावशी गाठ सोडेल, तर येईन."

"बरं. मी मावशीला सांगते."

हौसामावशी अंगण झाडत होती, खर्र खर्र. सोसायटीचा नियमच तसा. अंगणात एक पान दिसायचं नाही. पान पडलं की मावशी झाडायची. झाडलं की पोत्यात भरायची.

टिल्ली मावशीकडे गेली, भुर्र भुर्र.

"पाला येईना, गांडूळ खणेना, माती मऊ होईना, जास्वंद फूल देईना. मावशी, मावशी, गाठ सोड."

मावशी हसली. "एवढीशी तू, न् एवढं मोठं गाऱ्हाणं. अगं, पान दिसलं की तात्या मलाच बोलतात. तात्या हो म्हणतील, तर सोडीन."

"बरं. मी तात्यांना सांगते."

तात्या म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. बाकावर बसून चहा पीत होते, फुर्र फुर्र. टिल्ली तिथे गेली, भुर्र भुर्र.

"मावशी गाठ सोडेना, पाला येईना, गांडूळ खणेना, माती मऊ होईना, जास्वंद फूल देईना. तात्या, तात्या, हो म्हणा."

तात्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, पाला उडतो. जिन्यात जातो, पायात येतो. जास्वंदीभोवती गोल आळं असतं, तर पाला आत राहिला असता.

"पण आळं घालणार कोण?" तात्यांनी विचारलं.

टिल्लीने इकडे पाहिलं. टिल्लीने तिकडे पाहिलं. कोणी उठेना.

"मी," टिल्ली म्हणाली.

"तू? चोच केवढी, काम केवढं."

टिल्लीला घरटं बांधता येतं. घरट्याचं दार गोल असतं. आळंही गोल असतं.

गेली भुर्र, आणली काडी. ठेवली, टप. पुन्हा गेली भुर्र, आणली काडी. ठेवली, टप.

दहा काड्या झाल्या. ऊन चढलं.

वीस काड्या झाल्या. तात्यांचा चहा गार झाला. आळं अर्धंच झालं.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला, पीं पीं. कचऱ्याची गाडी आली.

टिल्ली थांबली नाही. गेली भुर्र, आणली काडी. ठेवली, टप. एकवीस.

तात्या उठले. भिंतीकडेला बांधकामाच्या विटा उरल्या होत्या. त्यांनी एक वीट उचलली. टिल्लीच्या काडीशेजारी ठेवली, धप्प. मग दुसरी, धप्प. मग तिसरी, धप्प. अशा अकरा विटा. गोल पुरा झाला.

"हो," तात्या म्हणाले. "मावशी, पोतं गाडीत देऊ नका."

तात्या हो म्हणाले.
मावशीने गाठ सोडली, सुर्र.
पाला आळ्यात आला, सळसळ सळसळ. मावशीने वर बादलीभर पाणी ओतलं.
गांडुळाने पाला खाल्ला आणि खणलं, वळवळ वळवळ.
माती मऊ झाली, भुसभुस भुसभुस.
जास्वंदीची मुळं सुटली.

टिल्ली रोज यायची, भुर्र भुर्र. फूल नसायचं. "बरं. मी उद्या येते," म्हणायची. आणि उद्या यायची.

२४ फेब्रुवारी, सोमवार. ऊन कडक. वारा थोडा.

जास्वंदीवर एक फूल आलं. लाल लाल. टिल्लीने मध प्यायला, चुळुक चुळुक.

आळ्याला विटा अकरा. काड्या एकवीस. फाटकापाशी पोतं नाही.