चांगली शाळा सापडेपर्यंत

"...पण अप्पा, वस्ती चांगली तर शाळा धड नाही, शाळा चांगली तर वस्ती धड नाही. माणसानं करावं काय?"

उमाकांत होनराव विचारत होता. अप्पा ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. अप्पा म्हणजे आमच्या मठाचे स्वामी. कान शाबूत, पण सोयीप्रमाणे बहिरे.

उमाकांत त्यांचा लाडका शिष्य. पाठांतर दांडगं. मठात कुणाचा एक शब्द चुकला की हा मधेच तोंड घालून दुरुस्त करणार. आता त्याची बदली पुण्याला झाली होती आणि गडी सगळं पुणं पालथं घालून आला होता.

"एका ठिकाणी शाळा नंबर एक, पण पाणी टँकरचं. दुसरीकडं बाग आहे, मैदान आहे, पण प्रवेशाला मुलाखत आईबापाची! तिसरीकडं..."

"शेंग खा," अप्पा म्हणाले.

त्यानं घेतली नाही.

"म्हणून मी ठरवलंय. आम्ही दोघं पुढं जातो. कुठंतरी खोली घेऊन राहतो. वस्ती, शाळा, सगळं मनासारखं जमलं की गिरिजाला नेऊ. तोवर राहील आजीपाशी."

"तोवर म्हणजे?"

"वर्ष. फार तर दोन."

"शैला काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? रडते. आईची माया, अप्पा. तिथं विचार चालत नाही."

गिरिजा त्याची लेक. पाच वर्षांची. खांबाला टेकून उभी होती आणि सगळं ऐकत होती. मोठ्यांना वाटतं, लेकरांना काय कळतंय. कसलं काय!

ती बापाजवळ आली. त्याच्या सदऱ्याची बाही ओढून हळूच म्हणाली, "बाबा, मी हट्ट नाही करणार आता. मी कुठल्या पण शाळेत जाईन."

"अगं, तुझ्याच भल्यासाठी चाललंय सगळं. जा, खेळ जा."

ती खेळायला गेली नाही. परत खांबाशी जाऊन बसली. खरं सांगतो, त्या विद्वानाच्या एक कानाखाली ठेवून द्यावी असं वाटलं मला.

अप्पांनी मांडीवरची टरफलं झटकली.

"तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "परक्या गावाचं काय सांगावं? शेजार कसा मिळेल, जागा कशी मिळेल..."

उमाकांतनं आमच्याकडं असं बघितलं, की बघा, अप्पांना पटलं.

अप्पांनी हात पुढं केला. "मग ते पण ठेवून जा."

"काय?"

"गळ्यातलं."

ओसरीवरचे आम्ही सगळे चपापलो. आम्ही लिंगायत. दीक्षा देताना गुरू आमच्या गळ्यात इष्टलिंग बांधतो. पूजेला ते तळहातावर घ्यायचं आणि पुन्हा गळ्यात घालायचं. मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. उमाकांतच्या गळ्यातलं लिंग अप्पांनीच दिलेलं. आणि आता अप्पाच ते मागत होते!

"अप्पा, थट्टा करताय माझी?"

"थट्टा कशाला करू? इथं मठ आहे, निवांत जागा आहे. रोज पाणी घालीन, बेल वाहीन. तुला चांगलं घर मिळू दे, चांगलं देवघर होऊ दे, मग येऊन ने. वर्ष. फार तर दोन."

उमाकांत ताडकन उठला. छातीवरची लिंगाची चांदीची डबी त्यानं मुठीत गच्च धरली. गुरूपुढं कधी आवाज चढवला नव्हता त्यानं, तो चढला.

"नाही देणार! तुम्ही मागितलं तरी नाही देणार. घरदार बघून न्यायची वस्तू आहे होय ही? पत्र्याच्या खोलीत राहीन, फलाटावर झोपेन. जागा कसली का असेना, मी जिथं तिथं हे. अंगावेगळं करून मी एक दिवस तरी कसा..."

तो थांबला.

अप्पांचा हात अजून पुढंच होता...

खांबाशी गिरिजा बसल्या बसल्या पेंगायला लागली होती. मान एका बाजूला कलंडायची, ती दचकून सावरायची, पुन्हा कलंडायची.

उमाकांत तिच्याकडं बघत राहिला. डोळे भरून आले त्याचे.

"अप्पा..." एवढंच म्हणाला.

अप्पांनी हात मागं घेतला. एक शेंग उचलली आणि फोडली.

"मान अवघडेल पोरीची," ते म्हणाले. "जा, छातीशी घे तिला."