मोतीरामाची पट्टी

“तेच्यात असा काय आसा, जा माझ्यात नाय?”

दिगूने शेडच्या दारातूनच विचारलं. तात्या कुबल खाडीकाठी फायबरच्या होड्या बांधत. दिगू आणि मोतीराम, दोघंही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. नव्या होडीचा तळ घालायचं काम मोतीरामाला मिळणार असं कानावर आलं, आणि दिगूला अन्न गोड लागेना.

तात्या काचेचं कापड कापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पट्टी हाडलंस?”

तिथली रीतच तशी. तळाला हात लावण्याआधी ज्याने त्याने काचेचं कापड रेझिनच्या चिकट रसात भिजवून साच्यात सुकवायचं आणि तशी एक पट्टी आणून दाखवायची.

“हाडलंय. तेच्या आदी हाडलंय. मोडून बघा.”

तात्यांनी दोघांच्या पट्ट्या विटांवर आडव्या टाकल्या आणि मधोमध धोंडे टांगले. मोतीरामाची करकरली. दिगूची जागची हलली नाही.

दिगूचा चेहरा फुलला. खरं तर आपली टिकली यापेक्षा त्याची करकरली, याचंच त्याला सुख.

“बघलात?”

तात्यांनी दोन्ही पट्ट्या चुलीवरच्या खाऱ्या पाण्याच्या टोपात सोडल्या.

“ह्या कित्या?”

“होडी काय घरात ठेवूक बांधतत? वरसून ऊन, आतसून इंजिनाची धग, खालसून पाणी...”

पाणी दिवसभर रटरटत राहिलं. उन्हं कलल्यावर तात्यांनी पुन्हा धोंडे टांगले.

मोतीरामाची वाकली, पण टिकली. दिगूची मऊ पडली आणि मोडली. मोडल्या जागी काचेचे पांढरे धागे सुटे झाले होते. रेझिनने त्यांना धरलंच नव्हतं.

“आग माझ्याच बाजूक जास्त होती!”

“साच्यातसून कधी काढलंस?”

“...मोतीरामाच्या आदी.”

“सुकली होती?”

“वरसून सुकली होती.”

“मगे घाई कित्या?”

दिगूने दाराकडे पाहिलं.

बाहेर मोतीराम होडीच्या साच्याला मेण लावत शीळ घालत होता. ती शीळसुद्धा दिगूला सहन होईना...

तात्यांनी नवं कापड त्याच्या हातात ठेवलं.

“परत घाल. उन्हात ठेव.”

“नी काढू कधी?”

“मोतीराम आठवनासो झालो, की काढ.”