डाव्या पायाची कुरकुर

खूप वर्षांपूर्वी, माळावरच्या धावपट्टीवर एक छोटं विमान राहायचं. उतरताना जमिनीचा दणका सोसायचा तो त्याचा चाकाला धरणारा डावा पाय. त्याने कधी हूं की चूं केलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिस्त्री रेवणअप्पा रंगाचा डबा घेऊन आले. पाय हरखला. अंगावरची केसाएवढी भेग आता झाकली जाणार होती!

अप्पांच्या खिशातलं भिंग कुजबुजलं, "दुखतंय ना रे?"

"गप! उद्या माझी पूजा आहे."

"आणि परवा उतरताना मोडलास तर? आत माणूस असतं."

अप्पांनी पंखावर भार टाकला, तसा पाय आयुष्यात पहिल्यांदा कुरकुरला. अप्पांनी ब्रश ठेवून भिंग काढलं.

दुसऱ्या दिवशी विमानाला नवा पाय होता. हळदीकुंकू मात्र पाटावरच्या जुन्या पायाला लागलं. अप्पांनी हात जोडले. "वेळेवर कुरकुरलास रे बाबा. हे विमान माझी लेक चालवते."