घमेलंभर खुराक

बैल आपसात बोलायचे आणि माणसांचं बोलणंही त्यांना कळायचं, त्या काळातली ही गोष्ट. म्हादबाच्या गोठ्यात कोसा आणि हरण्या ही शर्यतीची जोडी होती. हरण्याची पहिलीच शर्यत, म्हणून त्या सकाळी म्हादबानं त्याच्यापुढं घमेलंभर खुराक ठेवला. त्यात कणकेचे गोळे होते, गूळ होता, शेंगदाण्याची पेंड होती.

"पोटभर खा रं लेकरा," तो म्हणाला. "आज हरलास तर उद्या तुला बाजार दाखवावा लागंल."

हरण्या न चावता गिळू लागला.

"थांब," कोसा म्हणाला. "आपण वर्षभर कडबा खाणारे. एवढं जड एकदम पचत नाही. निदान बसून रवंथ तरी कर."

"रवंथच होत नाही, कोसादादा. बाजाराचं नाव ऐकलं आणि घशाशी काही येईनाच झालं."

तरी त्यानं घमेलं चाटून साफ केलं.

धाव निम्मी झाली तेव्हा हरण्याची डावी कूस ढोलासारखी फुगली होती. त्याला श्वास घेता येईना. तो गुडघ्यांवर बसला आणि पुन्हा उठला नाही.

म्हादबा त्याच्याशेजारी बसून खूप रडला. मग डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाला, "माझंच चुकलं. खुराक कमी पडला त्याला."

पुढच्या वर्षी शर्यतीच्या सकाळी म्हादबानं दोन घमेली भरली आणि दोन्ही कोसापुढं आणून ठेवली.

"पोटभर खा रं लेकरा," तो म्हणाला.

रवंथ करत बसलेल्या कोसाचं तोंड जागच्या जागी थांबलं.